सिलिंग बंद होण्याआधी

सिलिंग स्पीकरचा प्रश्न बहुतेक घरांत चुकीच्या दिवशी विचारला जातो. पीओपीवाला हिशेब करून गेलेला असतो, रंगाचा शेवटचा हात चाललेला असतो आणि मग कुणाला तरी आठवतं, ‘अरे, हॉलमध्ये गाण्याचं काय?’ त्या दिवशी कितीही महागाचा स्पीकर आणला तरी जिथं भोक पाडता येईल तिथं तो बसवायचा आणि जिथून वायर ओढता येईल तिथून ओढायची, एवढंच हातात उरतं. हाच विषय दोन महिने आधी, जीआय चॅनल नुसते लोंबकळत असताना आणि वरचा स्लॅब उघडा दिसत असताना निघाला, तर मध्यम किमतीचा स्पीकरही ऐकावासा वाजतो. नातेवाइकांच्या घरांत आणि दोन-तीन ओळखीच्या दुकानांत या कामात लुडबूड केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: सिलिंग स्पीकर ही दुकानातून आणायची वस्तू कमी आणि बांधकामातलं एक काम जास्त. कोणता ब्रँड, हा त्यातला शेवटचा प्रश्न.

छतातून गाणं ऐकवायची कल्पना घरातून आलेली नाही, धंद्यातून आली. अमेरिकेत १९३४ मध्ये म्यूझॅक ही कंपनी निघाली. तारेवरून संगीत पुरवायचं, हॉटेलात, कचेरीत, कारखान्यात, हा तिचा व्यवसाय. पुढे कचेऱ्यांत टाइलचं खोटं छत आलं आणि त्या टाइलमध्ये छोटे स्पीकर दडले. आपल्याकडे रेल्वे स्थानकं, इस्पितळं, गिरण्या यांना घोषणांसाठी अशी यंत्रणा लागायचीच, पण ती दिसायची. भोंगा किंवा उभी पेटी. घराच्या भिंतीत सपाट बसणारे स्पीकर १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सोनान्ससारख्या कंपन्यांनी रूढ केले. आपल्या फ्लॅटमध्ये फॉल्स सिलिंग आलं ते लपवलेल्या दिव्यांसाठी आणि एसीच्या पाइपांसाठी. स्पीकर त्यांच्या मागून, आयतं छत मिळालं म्हणून चढले.

म्हणून पहिला प्रश्न असा की आवाज वरून यावा की नाही. मी माझ्यापुरतं याचं उत्तर दिलेलं आहे. डावं-उजवं ओळखायला आपल्याला दोन कान आहेत आणि त्यात आपण फार तरबेज आहोत. वर-खाली मात्र बाह्यकर्णाच्या वळ्यांवरून ओळखावं लागतं आणि तिथं आपला अंदाज ढोबळ असतो. ढोबळ असला तरी फसत नाही. बैठकीत गवई आपल्यासमोर, आपल्याच पातळीवर बसलेला असतो. तानपुरे त्याच्या मागे, तबला एका हाताला, पेटी दुसऱ्या हाताला. किशोरी आमोणकरांचा खयाल लावला आणि स्वर डोक्यावरून पडू लागला की गाणं तेच असतं, बैठक मोडलेली असते. ज्यांना बसून, डोळे मिटून ऐकायचं आहे त्यांनी समोर कानाच्या उंचीवर स्पीकरच्या दोन पेट्या ठेवाव्यात. त्याच पैशातल्या सिलिंग स्पीकरपेक्षा त्या सरस वाजतील, कारण त्यांचं खोकं कारखान्यात मोजून बनवलेलं असतं, आपल्या सिलिंगचं खोकं मात्र पीओपीवाल्याने बनवलेलं असतं.

पण सगळं ऐकणं तसं नसतं. सकाळी स्वयंपाक करताना अभंग, पाहुणे आलेले असताना मागे काहीतरी, दुकानात, दवाखान्यात, कॅफेत. तिथं आवाज ‘कुठून’ येतो हे कुणाला कळूच नये अशीच अपेक्षा असते. खोलीभर सारखा, बोलण्याच्या खाली राहणारा आवाज. या कामाला सिलिंग स्पीकरसारखं दुसरं काही नाही. टेबलावरच्या एका मोठ्या स्पीकरने हे साधत नाही, कारण त्याच्याजवळच्याला तो कर्कश्श लागतो आणि लांबच्याला ऐकूच येत नाही.

सारखा आवाज पसरवायचा तर थोडं गणित येतं. स्पीकरमधून आवाज खाली शंकूसारखा पसरतो. बरेच स्पीकर ९० अंशांच्या आसपास पसरवतात. ९० अंश धरले तर हिशेब तोंडी होतो: सिलिंगची उंची वजा कानाची उंची, त्याची दुप्पट म्हणजे खाली पडणाऱ्या वर्तुळाचा व्यास. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर लागते. फॉल्स सिलिंगनंतर समजा २.६ मीटर उरली आणि सोफ्यावर बसलेल्याचा कान १.१ मीटरवर आला, तर वर्तुळ ३ मीटरचं. म्हणजे १२ बाय १६ फुटांच्या हॉलला दोन स्पीकर कसेबसे, चार आरामात. आणि इथं लोकांची एक उलटी समजूत दुरुस्त होते. उंच छताला जास्त स्पीकर लागतात असं वाटतं, पण लागतात कमी, फक्त प्रत्येकाला जोर जास्त लावावा लागतो. बुटक्या छतालाच संख्या वाढवावी लागते.

हे ९० अंशही सगळ्या सुरांना सारखे मिळत नाहीत. लहरीची लांबी स्पीकरच्या कोनच्या, म्हणजे हलणाऱ्या शंकूच्या, रुंदीइतकी झाली की आवाज टॉर्चसारखा सरळ जाऊ लागतो. ८ इंची कोन २ किलोहर्ट्झच्या आसपासच अरुंद व्हायला लागतो, आणि बोलण्यातली व्यंजनं साधारण तिथंच राहतात. मधोमध ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, असलेले स्पीकर हे बऱ्यापैकी सावरून घेतात. नुसता एक कोन असलेले स्वस्त ८ इंची स्पीकर सावरत नाहीत. त्यांच्या बरोबर खाली शब्द स्पष्ट आणि दोन पावलं बाजूला सरकलं की पुटपुट. घराला मी ६ किंवा साडेसहा इंची, ट्वीटर मधोमध असलेला घेईन. मोठा कोन म्हणजे भारदस्त आवाज, हे पेटीच्या बाबतीत खरं असेल, सिलिंगमध्ये अर्धंच खरं आहे.

वॅटच्या आकड्यांना मात्र भुलू नये. खोक्यावर १२०, २०० असं छापलेलं असतं. पाहायचा आकडा दुसरा आहे: एका वॅटला, एका मीटरवर किती डेसिबल. ८८ असला तर दोन मीटरवर एका वॅटला ८२ डेसिबल मिळतात. साधं बोलणं ६०च्या आसपास असतं. म्हणजे पार्श्वसंगीताला एक वॅटही पुरून उरतो. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल.

आता पंखा. परदेशी पुस्तकांत याचा उल्लेख सहसा नसतो आणि आपल्या घरात तो टाळता येत नाही. १२०० मिलिमीटरचा, तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेऱ्या घेतो असं धरलं तर कुठल्याही एका जागेवरून सेकंदाला १५ वेळा पातं जातं. स्पीकर त्याच्या वर किंवा अगदी लगत असला की वरच्या पट्टीतले सूर त्या पात्यांवर आपटून थरथरतात. आलापात हे फार जाणवतं, गायकाचा गळा कापतोय असं वाटतं. पंख्याच्या मध्यापासून निदान दीड मीटर अंतर आणि स्पीकर-सोफा या रेषेत पंखा येऊ न देणं, एवढं केलं की भागतं. इंटिरियर डिझायनर मात्र पंखा मधोमध, चार दिवे चार कोपऱ्यांत आणि स्पीकर दिव्यांच्या ओळीत, असा सममित नकाशा काढतात. दिसायला तो देखणा असतो. माणसं कुठं बसणार हे त्या नकाशात नसतं.

होम थिएटरवाल्यांना सिलिंग स्पीकर हवे असतात ते वेगळ्या कारणाने. डॉल्बी अॅटमॉस २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’ या चित्रपटापासून सिनेमागृहात आला आणि २०१४ मध्ये घरात. त्यात पाऊस, विमान, घंटानाद यांसारखे आवाज मुद्दाम वरून यायचे असतात. समोरचे संवाद आणि बाजूचे आवाज जमिनीवरच्या पेट्यांनीच द्यायचे. चार छतस्पीकर असतील तर पुढची जोडी प्रेक्षकाच्या डोक्यापासून साधारण ४५ अंशांवर पुढे, मागची तेवढीच मागे. वरच्या हिशेबातला हॉल घेतला तर दीड मीटर पुढे आणि दीड मीटर मागे. आपल्या फ्लॅटमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असतो, मागे दीड मीटर कुठून आणणार? मग मागची जोडी सोफ्याच्या थेट डोक्यावर बसवून चार स्पीकर झाल्याचं समाधान मानलं जातं. त्यापेक्षा दोनच, सोफ्याच्या किंचित पुढे. डॉल्बीच्या आराखड्यात दोन स्पीकरची मांडणी आहेच आणि आपल्या खोल्यांना ती शोभते.

सिलिंगच्या वर काय आहे हा या विषयाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बहुतेक घरगुती सिलिंग स्पीकरना पाठच नसते. वरची पोकळी हेच त्यांचं खोकं. पोकळी खूप लहान असली, म्हणजे कोव्ह लाइटपुरती चार-पाच इंची पट्टी खाली घेतलेली असली, की खालचे सूर आखडतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. स्पीकरची खोली १० ते १३ सेंटिमीटर असू शकते. मध्ये बीम आला किंवा एसीचा डक्ट आला तर तो बसतच नाही, आणि हे नेमकं भोक पाडल्यावर कळतं. उथळ मॉडेल मिळतात, खालचा सूर थोडा गमावून. उलट पोकळी फार मोठी आणि मोकळी असली तर आवाज वर पसरतो, पातळ पीओपी थरथरतं, एखादी सुटी पट्टी वाजत राहते आणि महिनाभर सगळे स्पीकरला शिव्या देतात. उपाय म्हणजे स्पीकरच्या वर बंद डबा बसवणं. तयार मिळतो, नाहीतर सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायचा करून घ्यावा आणि आत थोडं काचलोकर किंवा पॉलिस्टरचं भरण द्यावं. डबा केवढा, हे स्पीकरच्या कागदावर लिटरमध्ये दिलेलं असतं. अंदाजाने लहान डबा केला तर आपल्याच हाताने खालचे सूर कापले जातात.

या डब्याचे दुसरेही उपयोग आहेत. उघड्या पाठीच्या स्पीकरचा अर्धा आवाज वर जातो आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना तुमची आवड कळते. आणि पाणी. आपल्या इमारतींत वरच्यांचं बाथरूम आपल्या डोक्यावर असतं आणि कधी ना कधी ते गळतं. एका स्नेह्यांकडे पावसाळ्यानंतर एका स्पीकरमधून फक्त खरखर यायची. जाळी काढली तर कोनमध्ये चहाच्या रंगाचं पाणी साचलेलं. डबा असता तर पाणी बाजूने गेलं असतं. कोकणात आणि गोव्यात दमटपणाबरोबर खारी हवाही येते. तिथं कागदी कोन आणि फोमची कड टाळावी. फोम काही वर्षांत भुगा होतो, रबराची कड टिकते. पोकळीत उंदीर असतात, पाली असतात, झुरळं तर असतातच. वायर पीव्हीसी पाइपातून न्यायची ती यासाठी. नुसती चॅनलवर टाकलेली वायर उंदराला आयतीच.

वायरबद्दल जेवढी अंधश्रद्धा आहे तेवढी बहुधा फक्त वास्तुशास्त्रात सापडेल. सोन्याचा मुलामा, बाण काढलेल्या दिशा, ऑक्सिजनमुक्त तांबं. खरा मुद्दा एकच, जाडी. वायरचा एकूण रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत असावा असा साधा संकेत आहे. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची वायर किलोमीटरला सुमारे १२ ते १३ ओहम देते. १५ मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ३० मीटर, रोध ०.४ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरला बरोबर काठावर. त्यापुढच्या अंतराला अडीचची वायर घ्यावी. घ्यायची ती तांब्याचीच. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘स्पीकर वायर’ म्हणून जे स्वस्तात मिळतं ते बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. टोक चाकूने खरवडलं की आतून पांढरं दिसतं. विजेच्या वायरबरोबर एकाच पाइपातून नेऊ नये. समांतर जायचंच असेल तर फूटभर अंतर ठेवावं, ओलांडायचं असेल तर काटकोनात.

आणखी एक चूक घरोघरी होते. एका अॅम्प्लिफायरच्या एकाच जोडणीवर चार स्पीकर समांतर जोडले जातात. ८ ओहमचे दोन समांतर म्हणजे ४, चार समांतर म्हणजे २. बहुतेक घरगुती अॅम्प्लिफायर ४च्या खाली गेले की तापतात, मग बंद पडतात. दोन-दोनची साखळी करून त्या दोन साखळ्या समांतर जोडल्या तर पुन्हा ८ येतात. वायरमनला हे कागदावर काढून द्यावं, तोंडी सांगितलेलं तो त्याच्या सवयीने करतो. ब्लूटूथ किंवा वायफायचा अॅम्प्लिफायर स्पीकरच्याच पाठीवर चिकटवलेली मॉडेलं हल्ली खपतात. माझा त्यांना विरोध आहे. साधा स्पीकर वीस वर्षं टिकू शकतो, त्याच्या पाठीवरचं अॅप तेवढं जगत नाही, आणि ते मेल्यावर छत उघडावं लागतं. बुद्धी कपाटात ठेवावी, छतात फक्त कोन आणि चुंबक.

दुकानाचं, हॉटेलाचं, मंगल कार्यालयाचं गणित इथून पुढे बदलतं, कारण संख्या वाढते आणि अंतरं लांबतात. तिथं १०० व्होल्टची लाइन वापरतात (अमेरिकेत ७०ची). तत्त्व विजेच्या वितरणासारखंच: दाब वाढवून प्रवाह कमी करायचा म्हणजे लांबच्या वायरीत शक्ती वाया जात नाही. प्रत्येक स्पीकरवर छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला ३, ६, १० वॅट अशा चाव्या. सगळे स्पीकर एकाच जोडतारेवर, ओहमचा हिशेब नाही, फक्त वॅटची बेरीज. १२ स्पीकर ६ वॅटवर, एकूण ७२, त्यावर थोडी मोकळीक ठेवून १०० ते १२० वॅटचा अॅम्प्लिफायर. काउंटरजवळचा ३वर, स्वयंपाकघराच्या दाराजवळचा १०वर, असं जागेनुसार लावता येतं. ट्रान्सफॉर्मर खालचे सूर थोडे खातो, म्हणून घरी ही लाइन नको. आणि १०० व्होल्ट झटका देतात, हे बसवणारा विसरतो.

पण बहुतेक हॉटेलांत आवाज वाईट असतो तो स्पीकरमुळे नाही, खोलीमुळे. हार्वर्डमधला तरुण प्राध्यापक वॉलेस सबाइन याने १८९५ मध्ये फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहाचा घुमारा कमी करायचं काम हाती घेतलं. तो रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, मोजायचा आणि सकाळच्या आत परत ठेवायचा. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही वापरतात. १५ बाय १० मीटरचा, ३ मीटर उंचीचा हॉल घ्या. खाली व्हिट्रिफाइड फरशी, बाजूला काच, वर गुळगुळीत पीओपी. सगळे पृष्ठभाग आवाजाचे जेमतेम ४ टक्के शोषतात असं धरलं तर रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला ४ सेकंद लागतात. फक्त वरचं छत ६० टक्के शोषणाऱ्या खनिज तंतूच्या टाइलचं केलं तर तोच आकडा पाऊण सेकंदाच्या खाली येतो. पहिल्या हॉलमध्ये गिऱ्हाइकं आवाज चढवून बोलतात, मालक गाणं वाढवतो, मग ती आणखी मोठ्याने बोलतात. दुसऱ्यात साधे स्पीकर पुरतात. माझ्या मते हॉटेलवाल्याने स्पीकरच्या पैशातून आधी टाइल घ्याव्यात.

टाइलच्या ग्रिड सिलिंगमध्ये स्पीकरचं वजन टाइलवर न टाकता मागे पत्र्याची पट्टी देऊन ग्रिडवर घ्यावं, आणि स्लॅबला अँकर मारून सुरक्षा तार बांधावी. जिप्सम आणि पीओपीलाही ही तार हवीच, स्पीकरचे कान नुसत्या बोर्डाला पकडतात आणि बोर्ड ओला झाला की सोडतात. दवाखान्यात आणखी एक गोष्ट पाहावी. डॉक्टरांच्या केबिनचं पार्टिशन बहुधा ग्रिडपर्यंतच गेलेलं असतं, वरची पोकळी सगळ्यांची एकच. त्यात उघड्या पाठीचे स्पीकर म्हणजे पेशंटचं बोलणं बाहेर यायला भोकं. तिथं डबा बसवायचाच, आणि बाहेर हलकं संगीत ठेवलं की आतलं बोलणं त्यात झाकलं जातं. आगीच्या वेळी सूचना द्यायची यंत्रणा याच लाइनवर असेल तर स्पीकरला सिरॅमिकची जोडपट्टी आणि उष्णतेने तुटणारा फ्यूज हवा, म्हणजे एक जळाला तरी अख्खी लाइन शॉर्ट होत नाही. एकाआड एक स्पीकर दोन वेगळ्या लाइनींवर घेणं हेही त्याचसाठी.

कायद्याचं थोडक्यात. गिऱ्हाइकांना रेकॉर्ड केलेलं संगीत ऐकवणं हे १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार सार्वजनिक सादरीकरण ठरतं. त्याचे परवाने पीपीएल आणि आयपीआरएससारख्या संस्था देतात. मालकाच्या मोबाइलवरचं घरगुती सदस्यत्व तिथं चालत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे १० ते ६, ४५ डेसिबल आहे, आणि खासगी जागेतल्या यंत्रणेने आपल्या हद्दीवर त्याहून ५पेक्षा जास्त भर घालायची नाही. इमारतीच्या तळमजल्यावरच्या कॅफेची भांडणं इथंच होतात, आणि बऱ्याचदा छतात चढलेल्या खालच्या सुरांवरून होतात.

बसवायच्या दिवशी दोन तपासण्या कराव्यात. एकदा एका नातेवाइकाच्या हॉलमध्ये चार नवे स्पीकर वाजत होते आणि खालचा सूर गायब. प्रत्येकाजवळ कान नेला तर ठीक, मध्ये उभं राहिलं की पोकळ. दोघांच्या वायरी उलट्या जोडलेल्या होत्या. एक कोन पुढे येताना दुसरा मागे जात होता आणि दोघं एकमेकांना खोडत होते. म्हणून वायर अॅम्प्लिफायरला जोडण्याआधी तिच्या त्या टोकाला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. अधिक बाजू अधिकला लागली की कोन बाहेर उडी मारतो. ट्रान्सफॉर्मरच्या लाइनवर मात्र हे करू नये. दुसरी गोष्ट जाळीची. रंगवायची असली तर काढून, मागचं कापड सोडवून, स्प्रेने. रंगाऱ्याने ब्रश फिरवला की भोकं बुजतात आणि ट्वीटर रजईत गुंडाळल्यासारखा होतो.

आणि हे सगळं होण्याच्या कितीतरी आधी, सिलिंग उघडं असताना, प्रत्येक जागेचे फोटो काढायचे. वायर कुठून कुठं गेली, डबा भिंतीपासून किती इंचांवर आला, टेप लावून, टेपवरचा आकडा वाचता येईल असे. एसीवाला नंतर येऊन वायर सरकवतो, म्हणून तो गेल्यावर पुन्हा एकदा. फोटो घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवायचे. वरच्यांचं बाथरूम गळायला लागेल तेव्हा प्लंबर पहिला प्रश्न हाच विचारतो की सिलिंग कुठं फोडू.